वन्यजीव आयोगावरील नेमणुकांना सिनेटची मान्यता (अमेरिका)

अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत शिकारीचा हंगाम कधी सुरू व्हावा, परवाने किती द्यावेत, कोणता मासा किती लांबीचा झाल्यावर धरावा, हे एक आयोग ठरवतो. त्याचे सदस्य लोकनियुक्त गव्हर्नर नेमतो आणि अनेक राज्यांत त्या नेमणुकीला राज्याच्या सिनेटची, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाची, संमती लागते. उमेदवाराला समितीपुढे प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात, मग सभागृहात मतदान होते.

या नेमणुकांवरून एवढी ओढाताण होते ती पैशामुळे. वन्यजीव खात्यांचा खर्च पूर्वापार परवाना शुल्कातून आणि १९३७च्या संघीय कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या बंदुका व काडतुसांवरील करातून चालत आला. पैसा आमचा, तेव्हा आयोगही आमचा, असे शिकारी संघटना मानतात. वन्यप्राणी राज्यातल्या सगळ्यांचे आहेत, हा संवर्धनवाद्यांचा जबाब.

वॉशिंग्टन राज्यात हा झगडा उघडपणे दिसतो. तिथे आयोगाचे ९ सदस्य असतात, मुदत ६ वर्षांची. तिघे कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेचे, तिघे पश्चिमेचे, उरलेले तिघे कुठलेही. एका काउंटीतून (जिल्ह्यातून) दोघे चालत नाहीत. १९९५च्या सार्वमतानंतर खात्याचा संचालक नेमण्याचा अधिकारही गव्हर्नरकडून आयोगाकडे आला, त्यामुळे सदस्यत्वाचे वजन वाढले. गंमत अशी, की सिनेटची मोहोर उमटण्याआधीच सदस्य कामाला लागतो आणि त्याचे मत पूर्ण धरले जाते. सिनेटने विषय पटलावर घेतलाच नाही, तरी त्याचे काम अडत नाही.

एका खुर्चीची किंमत नोव्हेंबर २०२१ मध्ये कळली. काळ्या अस्वलांच्या वसंतातल्या शिकारीचा प्रस्ताव मतदानाला आला, एक जागा रिकामी होती आणि मते पडली ४ विरुद्ध ४. बरोबरीमुळे प्रस्ताव पडला आणि २०२२चा हंगाम थांबला. जानेवारीत गव्हर्नर जे इन्स्ली यांनी तोवर मोकळ्या झालेल्या जागांवर तिघांना नेमले. शिकाऱ्यांच्या बाजूने पुन्हा अर्ज आला, मार्चमध्ये फेरमतदान झाले आणि हंगाम ५ विरुद्ध ४ मतांनी नाकारला गेला. सिनेटने कुणालाही न नाकारता पारडे फिरले होते. तिथे खरी सत्ता नेमणाऱ्याच्या हाती आहे; संमती देणारा बहुधा मागून येतो.

कॅलिफोर्नियात सिनेटचा धाक जास्त, कारण तिथे घड्याळ लावलेले आहे: वर्षभरात संमती मिळाली नाही तर नेमलेल्याला जागा सोडावी लागते. आयोग ५ जणांचा, सुनावणी सिनेटच्या नियम समितीपुढे. शिवाय दोन्ही सभागृहांनी बहुमताने ठराव केला तर सदस्याला काढताही येते. २०१२ मध्ये आयोगाचे अध्यक्ष डॅनियल रिचर्ड्स यांनी शिकारीत आयडाहो राज्यात प्यूमा (मांजरकुळातला मोठा शिकारी प्राणी) मारला. आयडाहोत ते कायदेशीर होते, कॅलिफोर्नियात मात्र या प्राण्याच्या शिकारीला १९९० पासून बंदी. आमदारांनी राजीनामा मागितला, त्यांनी दिला नाही. हकालपट्टीचा ठराव काही मंजूर झाला नाही. ऑगस्टमध्ये सहसदस्यांनीच दुसरा अध्यक्ष निवडला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारे अपरिचित वाटेल. आपल्याकडे राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्षपद वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार खुद्द मुख्यमंत्र्यांकडे असते. विधिमंडळाचे ३ सदस्य मंडळावर बसतात, पण तज्ज्ञ आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी सरकारच नेमते. त्यांची नावे सभागृहापुढे संमतीसाठी जात नाहीत.