पार्श्वभूमी: मेडिक्लेममधले ‘घरी दाखल होणे’

ऐंशी ओलांडलेल्या, अंगात त्राण नसलेल्या माणसाला न्यूमोनिया झाला, तर घरीच सलाइन आणि ऑक्सिजन लावायचा, डॉक्टरांनी रोज येऊन पाहायचे, ही पद्धत कोरोनाच्या काळात आली असे आपल्याकडे समजले जाते. पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालयांनी ती १९५७ मध्येच सुरू केली होती. भारतात ती वॉर्डाच्या आधी विम्याच्या कागदावर आली. १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, त्यात ‘डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन’, म्हणजे रुग्णालयाऐवजी घरीच घेतलेल्या उपचारांचा खर्च देणारे कलम होते. आजवरचा गुंता या दोन शब्दांपासूनच सुरू होतो.

कलम असे सांगते: आजार रुग्णालयात ठेवावे लागेल इतका गंभीर हवा, घरचे उपचार तीन दिवसांहून जास्त चाललेले हवेत आणि दोनपैकी एक अडचण हवी. एक तर रुग्णाला हलवण्याजोगी स्थिती नाही, किंवा रुग्णालयात जागा नाही. ‘यांना घरीच ठेवलेले बरे’ हा डॉक्टरांचा सल्ला या दोन्हींत बसत नाही. शिवाय जागा नव्हती याचा कागद आणायचा कुठून? खाटा भरल्या की काउंटरवरून तोंडी नकार मिळतो, शिक्का मारून कोणी देत नाही. घरी सिस्टर किंवा मावशी ठेवली की पैसे मिळतील, या समजुतीने पॉलिसी घेणारेही पुष्कळ असतात. नुसत्या सेवाशुश्रूषेचा खर्च या कलमात येतच नाही.

खरा घाव मात्र वगळलेल्या आजारांच्या यादीत आहे. दमा, ब्राँकायटिस, मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा जुना विकार, संधिवात, जुलाब, फ्लू, अपस्मार, मानसिक आजार, सगळे बाद. म्हातारपणी माणूस खाटेला खिळतो तो बहुधा यांतल्याच एखाद्याने. महिन्याच्या गोळ्यांची बिले या वाटेने येतील, ही कंपन्यांची धास्ती समजण्यासारखी होती. पण दमा बळावून ऑक्सिजनवर गेलेला माणूस आणि रोजचा पंप घेणारा माणूस, दोघांना एकाच ओळीत खोडून टाकणे अन्यायाचेच होते. काही कंपन्यांनी पुढे ही यादी सैल केली.

२०१३ मध्ये विमा नियामकाने व्याख्या सर्वांसाठी एकसारख्या केल्या, तेव्हा ही गाठ सोडवता आली असती. त्याच दोन अडचणी व्याख्येत कायम राहिल्या.

जुलै २०२० मध्ये कोरोनाच्या उपचारांसाठीची ‘कोरोना कवच’ पॉलिसी आली आणि तिच्यात जागा नसल्याचा पुरावा मागणे थांबले. डॉक्टरांनी घरी उपचार घ्यायला सांगितलेले असावे, रोज देखरेख व्हावी, उपचारांचा तक्ता त्यांच्या सहीने ठेवावा, एवढ्यावर १४ दिवसांपर्यंतचा खर्च मान्य झाला. पण पॉलिसी घेण्याची वयोमर्यादा होती ६५. ज्यांना घरच्या उपचारांची सर्वांत जास्त गरज, त्यांतले बहुतेक दाराबाहेरच राहिले. त्यानंतर अनेक पॉलिसींत जुन्या कलमाशेजारी ‘होम केअर’ हे वेगळे कलम आले. नावे सारखी वाटतात, अटी निराळ्या असतात. काही ठिकाणी कंपनीने ठरवलेल्या सेवेकडूनच उपचार घ्यावे लागतात.

ब्रिटनमध्ये नऊ ठिकाणी हजाराहून अधिक वृद्धांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. घरी उपचार घेतलेल्यांना महिन्याभरानंतर भ्रम होण्याचे प्रमाण कमी आढळले, आणि सहा महिन्यांनी कायमच्या शुश्रूषागृहात गेलेलेही कमी निघाले. वॉर्डात दुसऱ्याच रात्री बरळू लागलेले आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या निष्कर्षाचे मोल सांगायला नको.

एप्रिल २०२४ पासून आरोग्य विमा घेण्यासाठीची वयाची आडकाठी नियमांतून निघाली. ऑक्टोबरअखेर ७० आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे सरकारी संरक्षण मिळाले. तेही रुग्णालयात दाखल होण्याशीच बांधलेले आहे.