चूक गुंडीची नव्हती, माझ्या खांद्याची होती

माझी कुत्री गुंडी चुकीच्या टनेलमध्ये घुसली आणि मी भर रिंगमध्ये किंचाळले, "नाऽऽही!" ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, तोंड फिरवलं आणि मन लावून गवत हुंगायला लागली. मला वाटलं, बघा, हिला लाज नाही, मी इथे घामाघूम होऊन पळतेय आणि ही गवत हुंगतेय. घरी येऊन व्हिडिओ बघितला तर माझं तोंड "जम्प" म्हणत होतं, पण खांदे, पाय, छाती सगळं सरळ टनेलकडे. गुंडीने माझ्या शरीराचं ऐकलं होतं, एवढंच.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉग एजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या शोमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत लोकांची करमणूक म्हणून, घोड्यांच्या शो जम्पिंगवरून हे सुरू झालं आणि मग सुटलंच. जम्प, टनेल, सीसॉ, काठ्यांमधून नागमोडी जायचे वीव्ह पोल्स, आणि प्रत्येक वेळी क्रम वेगळा. तो क्रम हॅन्डलरला, म्हणजे कुत्र्यासोबत पळणाऱ्या माणसाला, आधी चालून बघायला मिळतो, कुत्र्याला नाही. म्हणजे पुढे काय आहे हे कुत्र्याला फक्त आपल्याकडे बघूनच कळणार! आणि ते बघण्यात कुत्रे उस्ताद असतात. १९९८ साली ब्रायन हेअर आणि अ‍ॅडम मिक्लोशी यांच्या गटांनी वेगवेगळे प्रयोग करून दाखवलं की माणसाने बोट दाखवलेल्या जागी खाऊ शोधायला कुत्र्यांना छान जमतं. मग मी अख्खं शरीर टनेलकडे वळवल्यावर तिने काय करायचं होतं?

तर आता त्या गवत हुंगण्याबद्दल. मी ज्या पद्धतीत शिकले तिथे याला "दुर्लक्ष" म्हणायचे आणि उपाय ठरलेला, पट्ट्याला झटका. मीही दिलेत झटके, खोटं कशाला बोलू. खरं तर ताण आला की बरेच कुत्रे असंच काहीतरी करतात, जमीन हुंगतात, झोप आलेली नसताना जांभई देतात, समोर खायला काही नसताना ओठ चाटतात. म्हणजे ती मला सांगत होती की बाई, तू ओरडतेयस, मला भीती वाटतेय, आणि मी त्यावर अजून ओरडत होते.

हे नुसतं माझं हळवेपण नाही बरं का. २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या ट्रेनिंग स्कूलमधल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटके, ओरडा यावर शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ट्रेनिंगच्या वेळी ताणाची लक्षणं जास्त दिसली, ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोनही जास्त वाढलेलं. पण मला भिडला तो त्यातला वाटीचा प्रयोग. एका बाजूच्या वाटीत कायम खाऊ, दुसऱ्या बाजूची कायम रिकामी, हे कुत्र्याला पक्कं कळलं की मग वाटी मधेच कुठेतरी ठेवायची. आता यात खाऊ असेल का नसेल? बक्षिसावर शिकलेले कुत्रे लगबगीने गेले, सगळ्यात जास्त शिक्षा खाल्लेले रेंगाळत. म्हणजे ट्रेनिंग संपलं तरी "काही चांगलं होईल" ही आशाच कमी झालेली.

आणि खास आमच्या खेळावरचंही एक संशोधन आहे, २००६ चं. एजिलिटीत हरलेले काही पुरुष हॅन्डलर कुत्र्यावर खेकसले, काहींनी त्यांना कुरवाळलं, आणि मालक कसा वागला त्याचा कुत्र्याच्या कॉर्टिसोलशी संबंध दिसला. संशोधन पुरुषांवर होतं, पण माझी किंचाळी आठवून मी काही बोलणार नाही.

मग मी क्लिकर घेतला. छोटी डबी, दाबली की टक. कुत्र्याने बरोबर केलं त्या क्षणी टक आणि पाठोपाठ खाऊ. ही काही कालची फॅशन नाही, असा आवाज वापरून प्राण्यांना कसं शिकवायचं हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९५१ सालीच लिहून ठेवलंय. गंमत सगळी वेळेत आहे. खिशातून खाऊ काढेपर्यंत कुत्रा तीन गोष्टी करून मोकळा होतो, त्यातल्या कुठल्या गोष्टीचं बक्षीस ते त्याला कसं कळणार? टक म्हणजे त्या क्षणाचा फोटो. दयाळू ट्रेनिंग म्हणजे लाड असं लोकांना वाटतं, पण मला तरी त्यात कडक शिस्त दिसते, फक्त ती माझ्यासाठी असते. गुंडी दोनदा चुकली तर मी आता तिसऱ्यांदा तेच करायला लावत नाही, काम सोपं करते.

सीसॉला ती फार घाबरायची. चढताना ठीक, मग फळी हलते आणि पलीकडचं टोक जमिनीवर धाडकन आपटतं. म्हणून आम्ही शेवटापासून सुरुवात केली. टोकाखाली जाड गादी, फळी जेमतेम दोन बोटं खाली जाईल एवढीच, गुंडीने एक पंजा ठेवला, हलकं "थप्", लगेच चीजचा तुकडा. दोन दिवस नुसतं थप् आणि चीज. मग गादी पातळ, मग सतरंजी, मग काहीच नाही. ती मागे सरकली की आम्ही पण एक पायरी मागे. शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांना खाण्याशी जोडलेला ठरावीक आवाज ऐकला की लाळ सुटायची, इथे भीतीच्या आवाजाचीच खाऊची घंटा केली. सहा आठवडे लागले, झटके मारून कदाचित लवकर चढली असती, पण शेपूट पायात घालून.

पुढच्या स्पर्धेत ती तिसऱ्या जम्पवरून जी वळली ती थेट सीसॉकडे, जो आमच्या क्रमात अकरावा होता. धाड! शेपूट नुसती गरगरा फिरतेय आणि माझ्याकडे बघतेय, बघ बघ केलं. आम्ही बाद. मी हाक मारली आणि ती पळत आली, तेवढ्या त्या येण्याचं रिंगबाहेर गेल्यावर चीज झालं, अगदी खरंखुरं, तीन तुकडे.