डीडी स्पोर्ट्स

प्रसार भारतीच्या दूरदर्शन जाळ्यातील राष्ट्रीय क्रीडावाहिनी. मुख्यालय दिल्लीत, प्रक्षेपण १८ मार्च १९९८ रोजी सुरू झाले. आरंभी दिवसाला सहा तास, १९९९ पासून बारा तास आणि १ जून २००० पासून चोवीस तास. मधल्या काळात ती सशुल्क होती. १५ जुलै २००३ पासून मोफत झाली.

ठाणे-नवी मुंबईत ही वाहिनी एकाच गल्लीत दोन तऱ्हांनी दिसते. भारताचा एकदिवसीय सामना चालू असताना दिघ्यातल्या चाळीत फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत छत्री-सेवेवर, तो थेट बघता येतो. समोरच्या इमारतीत केबलवर हीच वाहिनी लावली, तर एखादी जुनी लढत किंवा चर्चेचा कार्यक्रम! शिव्या केबलवाल्याला बसतात, पण त्याचा यात काही दोष नाही.

मूळ कारण कायद्यात आहे. प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले होते. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेचे हक्क खासगी कंपनीकडे होते. वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि दूरदर्शनला सात मिनिटे उशिराचे चित्र मिळाले. क्रिकेट सात मिनिटे शिळे म्हणजे शेजारच्या घरातला जल्लोष आधी, विकेट नंतर. त्याच वर्षी कायदा झाला : राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण, जाहिराती वगळून, प्रसार भारतीला द्यायचे, दूरचित्रवाणीच्या जाहिरात उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाचा. षटकांच्या मधल्या जाहिराती म्हणून दूरदर्शनच्या वेगळ्या असतात. आयपीएलला ही सक्ती लागू नाही, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेले २००८ आणि २०१० चे अंतिम सामनेही त्यामुळे या कायद्याबाहेरच राहिले.

पुढे हेच मोफत चित्र केबलवरही पोहोचू लागल्याने हक्कधारकांचे सशुल्क ग्राहक तुटण्याची वेळ आली. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की असे वाटून मिळालेले प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या भूप्रक्षेपणावर (साध्या अँटेनावर दिसणाऱ्या) आणि स्वतःच्या डीटीएच (उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येणाऱ्या) सेवेवर दाखवावे.

ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली; तीच आजची फ्री डिश. छत्री आणि सेट-टॉप बॉक्सचा खर्च एकदाच, मासिक भाडे नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला असल्याने ठाण्यात छत्रीचे तोंड साधारण आग्नेयेकडे ठेवावे लागते. त्या बाजूला टॉवर आडवा आला, तर गच्ची गाठणे भाग पडते.

क्रिकेट नसते तेव्हा वाहिनीवर हॉकी, कबड्डी, खो-खो, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा दिसतात. आगरी-कोळी गावठाणांत रात्रीच्या प्रकाशझोतात कबड्डी खेळणाऱ्या पोरांना खरे तर वाहिनीचा हाच भाग जवळचा.