पितळेने सांधलेले पोलाद

पितळ पोलादापेक्षा मऊ, म्हणून पितळेचा डाख देऊन जोडलेली सायकलची फ्रेम कच्चीच असणार, असा समज अनेकांचा असतो. माउंटन बाइकच्या सुरुवातीच्या काळात हाताने बनवलेल्या काही उत्तम फ्रेम नेमक्या अशाच जोडलेल्या आहेत.

कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, टॅमलपायस डोंगराच्या उतारांवर, १९७०च्या दशकात काही तरुण १९३०-४०च्या काळातील जड श्विन सायकली पिटाळत असत. तिथल्या एका उताराचे नाव रीपॅक पडले, कारण तो एकदा उतरल्यावर पॅडल उलटे दाबून लागणाऱ्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, ग्रीसने पुन्हा भरावा (इंग्रजीत ‘रीपॅक’) लागे. त्या जुन्या फ्रेमही अशा वापरात टिकत नसत. म्हणून १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी याच कामासाठी क्रोमोली नावाच्या पोलादी नळ्यांची फ्रेम घडवली, आणि १९७९ मध्ये टॉम रिची यांनी याच तरुणांपैकी गॅरी फिशर व चार्ली केली यांच्यासाठी फ्रेम बांधायला घेतल्या.

क्रोमोली म्हणजे सुमारे १ टक्का क्रोमियम आणि जेमतेम ०.२ टक्का मॉलिब्डेनम असलेले पोलाद. महागडे पोलाद अधिक ताठ असते, हा जाहिरातींनी पसरवलेला भ्रम आहे. साध्या व क्रोमोली पोलादाचा ताठरपणा जवळजवळ सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. क्रोमोली अधिक ताण सोसते, त्यामुळे नळी पातळ ठेवता येते, एवढाच तिचा खरा लाभ आहे.

रस्त्यावरच्या सायकलींत नळ्या लग नावाच्या तयार खोबणींत बसवत. डोंगरी सायकलींच्या जाड नळ्यांना आणि वेगळ्या कोनांना साजेसे लग सहजी मिळत नसत. रिची यांना लगविना सांधा करण्याची कला आधीपासून अवगत होती. यात एका नळीचे टोक कानशीने घासून दुसरीच्या गोलाईवर चपखल बसेल असे करतात, सांध्याला टाकणखारासारखा द्रावक लावतात (सोनारही डाख देताना टाकणखारच वापरतो) आणि ज्योतीने तापवतात. द्रावक पोलादावरचा ऑक्साइडचा थर विरघळवतो. मग सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वितळलेले पितळ त्या स्वच्छ पृष्ठभागावर पाणी काचेवर पसरावे तसे पसरते आणि फटीत ओढले जाते. पोलाद मात्र वितळत नाही, कारण त्यासाठी १४००च्या वर तापमान लागते.

मग मऊ पितळ टिकते कसे? फ्रेम बहुधा एका मोठ्या धक्क्याने तुटत नाही. लाखो लहान हिसक्यांनी धातू थकतो, आणि जिथे आकार अचानक बदलतो तिथे ताण एकवटून पहिला तडा जातो. सांध्यात पितळेची अंतर्गोल, ऐसपैस भर असली की ताण मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो, म्हणून मऊ धातूच्या वाट्यालाही थोडाच येतो. उष्णतेने सांध्यालगतचे पोलाद काहीसे नरम पडते, आणि त्याची भरपाई म्हणून नळ्या टोकांशी जाड व मध्ये पातळ ठेवलेल्या असतात.

शेवटी ही भर कानशीने घासून गुळगुळीत करतात, आणि कारागिराची खरी कसोटी इथेच लागते. शेजारच्या नळीची जाडी टोकाशीसुद्धा साधारण १ मिलिमीटरच असते. कानस पितळेवरून घसरून पोलादात शिरली, तर पुढे तडा त्याच ओरखड्यातून सुरू होतो.