बालवाडीच्या निरोपाचे खेळ : कुणीच ‘आऊट’ नाही

मुलांच्या कार्यक्रमांत खेळ घेणं हे आम्हा दोघींचं काम, त्यामुळे मार्च लागला की आम्हाला फोन येऊ लागतात. सिनियर केजीच्या मुलांचा निरोप समारंभ आहे, गाऊन-टोपी ठरली, केक ठरला, आता तासभर मुलांना खेळवायचं कसं ते सांगा. वडोदऱ्यातल्या पालकांना आणि बालवाडीच्या ताईंना दरवर्षी जे तोंडी सांगतो, तेच इथे लिहून देत आहोत. कार्यक्रम आमच्याकडे दिलात तर आनंदच आहे, पण यातले बहुतेक खेळ घरच्या सामानात होतात आणि तुम्ही स्वतः घेतलेत तरी तितकेच रंगतील.

आमचा नियम एकच आहे. या दिवशी आम्ही कुणाला आऊट करत नाही आणि पहिला-दुसरा नंबरही काढत नाही.

सुरुवातीला आम्हीसुद्धा संगीत खुर्ची घ्यायचो. एका कार्यक्रमात पहिल्याच फेरीत एक मुलगी आऊट झाली. ती रडली नाही. भिंतीकडेच्या पायरीवर जाऊन बसली आणि टोपीचा गोंडा बोटाला गुंडाळत, सोडवत राहिली. तिची आई मोबाईलवर शूटिंग करत होती, तिने हळूच मोबाईल खाली घेतला. खेळ पुढे दहा-बारा मिनिटं चालला. ज्या मैत्रिणींबरोबर ती दोन वर्षं डबा खात होती, त्यांच्याबरोबरचा तिचा तो शेवटचा खेळ होता आणि तो तिने बसून पाहिला. त्या दिवसानंतर आम्ही खुर्च्या नेणं बंद केलं.

ही समज आपल्याकडे नवीन नाही. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं आणि ताराबाई मोडक त्यांच्या जोडीने काम करायला तिथे गेल्या. बक्षीस आणि शिक्षा दोन्ही लहान मुलांपासून दूर ठेवावीत, हा गिजुभाईंचा आग्रह होता. शिवाय आता मुलं थोडी मोठीही असतात. जून 2023 पासून गुजरातमध्ये पहिलीत जायला 1 जूनला 6 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे समारंभाला आलेलं मूल सहाच्या घरात असतं. त्याला खेळाचे नियम कळतात आणि हरलेलंही चांगलं कळतं.

मामाचं पत्र, पण खरोखरचं

एकच खेळ घेणार असाल तर हा घ्या. ‘मामाचं पत्र हरवलं’ आपण सगळेच खेळलो आहोत. मुलं गोल बसतात, एक जण रुमाल घेऊन मागून पळतो, गुपचूप कुणाच्या तरी मागे टाकतो. आम्ही रुमालाच्या जागी लिफाफे ठेवतो, मुलं असतील तितके. प्रत्येक लिफाफ्यावर एका मुलाचा फोटो आणि आत त्याच्या ताईंनी लिहिलेल्या दोन-तीन ओळी. ‘तू रोज सगळ्यांच्या चपला सरळ लावायचास’ एवढंही पुरतं, पण ते त्याच मुलाचं असायला हवं. सगळ्यांना एकच छापील मजकूर दिलात तर मुलं शेजारच्याचं पत्र बघून ओळखतात.

ज्याची पाळी, त्याने टोपलीतून एक लिफाफा उचलायचा, फोटो बघायचा, गोलाभोवती पळत त्या मित्रामागे ठेवायचा. मित्राने उचलून पाठलाग करायचा, पहिल्याने त्याच्या जागी बसायचं. पुढचा लिफाफा पत्र मिळालेल्याने काढायचा. जो सर्वांत आधी पळतो त्याचं पत्र टोपलीत तळाला ठेवा, म्हणजे साखळी बरोबर त्याच्यापाशी येऊन पूर्ण होते. धपाटा नाही. 22 मुलं असली तर नऊ-दहा मिनिटं लागतात. कागदावर वाटतं की मुलं कंटाळतील, पण पुढचा फोटो कुणाचा याची उत्सुकता शेवटपर्यंत टिकते. एकदा एका मुलाने लिफाफा मागे ठेवला, मित्राच्या लक्षातच येईना. शेवटी याला राहवलं नाही, तो पुढे आला आणि पत्र त्याच्या मांडीवर ठेवून म्हणाला, ‘अरे, तुझंच आहे.’ नियम मोडला होता, पण कुणीही त्याला अडवलं नाही.

वर्गात सगळी मुलं मराठी नसतात, याची काळजी करू नका. मामा आणि पत्र हे दोन्ही शब्द गुजरातीतही तेच आहेत.

चिमणी भुर्र, चकली फर्र

आपली ‘चिमणी उडाली भुर्र’ आणि गुजराती ‘चकली उडे फर्र’ हा एकच खेळ. बोटं जमिनीवर टेकायची, उडणाऱ्याचं नाव आलं की वर करायची, म्हैस म्हटलं की खालीच ठेवायची. आपली मुलं घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलतात, म्हणून आम्ही नावं तिन्ही भाषांत मिसळून घेतो. पोपट, कागडो, एलिफंट! चुकून म्हैस उडवली की तो मुलगा बाद होत नाही, तो पुढचा नाव सांगणारा होतो. मग मुलं मुद्दाम चुकू लागतात. चुकू द्या. बुजऱ्या मुलाला एकट्याने बोलायला लावू नका, जोडीला एक मित्र द्या.

साडीचं छत

तीन जुन्या सुती साड्या लांबीच्या बाजूने जोडून शिवल्या की साधारण 18 फूट लांब, 11 फूट रुंद कापड होतं. चारी बाजूंनी मुलांनी काठ धरायचा. सिंथेटिक साडीत हवा छान भरते, पण ती छोट्या मुठीतून निसटते. सुती बरी. मधे हलका चेंडू टाका आणि सगळ्यांनी मिळून तो किती वेळा उडतो ते मोठ्याने मोजा. चेंडू पडला की पुन्हा एकपासून. मग साडी उंच फेकून एकेका जोडीने खालून पलीकडे पळायचं. आजीची साडी ओळखीची असेल तर त्या मुलाचा आनंद बघण्यासारखा असतो.

खुर्च्यांऐवजी चटया

संगीत हवंच असेल तर सहा चटया अंथरा. गाणं थांबलं की सगळ्यांनी चटईवर. दर फेरीला चटई कमी होते, मुलं कमी होत नाहीत. शेवटच्या दोन चटयांवर सगळा वर्ग एकमेकांना धरून उभा राहतो आणि तिथेच फोटो काढावा. चटई फरशीवर सरकत असेल तर ओलं फडकं पिळून खाली घाला.

लिंबू-चमचा चालेल, फक्त लिंबाऐवजी बटाटा आणि पळी द्या. आंधळी कोशिंबीर मात्र या वयाला आम्ही घेत नाही. डोळे बांधले की बरीच मुलं घाबरतात आणि टकरा होतात. फुग्यांवर बसून ते फोडायचा खेळही नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर तो घशाला चिकटून श्वास कोंडतो, आणि समारंभाला धाकटी भावंडंही आलेली असतात. त्याच कारणाने खाऊत अख्खी द्राक्षं आणि शेंगदाणे ठेवू नका. द्राक्षं उभी चिरून द्या.

वेळ आणि जागा

आधी गाऊन घालून फोटो, मग गाऊन उतरवून खेळ, शेवटी खाणं. हा क्रम बदलू नका. गाऊन बहुधा सिंथेटिक असतो, पायात अडकतो, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. सकाळी साडेआठ किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरची वेळ धरा. 20 मुलांनी हात धरून गोल केला तर 20 बाय 20 फूट मोकळी जागा लागते, सोसायटीचा कॉमन प्लॉट त्याला उत्तम. कमाटीबाग सुंदर आहे, पण तिथे प्राणिसंग्रहालय असल्याने मुलांचं लक्ष प्राण्यांकडे जातं आणि गर्दीत एकेकाला सांभाळणं अवघड होतं. दर पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. खेळ चार पुरेत, एकूण चाळीस मिनिटं.

एखादं मूल खेळायला नाही म्हणालं तर ओढू नका. त्याला गाणं थांबवायचं किंवा लिफाफ्यांची टोपली सांभाळायचं काम द्या. बहुतेक मुलं दुसऱ्या खेळात आपण होऊन येतात, काही येत नाहीत, तीही खूश असतात.

शेवटी पालकांनी समोरासमोर उभं राहून हात उंच धरून कमान करायची. ताई एकेकाचं नाव घेतात आणि ते मूल कमानीखालून पळत जातं. या वेळी मोबाईल एकाच पालकाकडे द्या, बाकीच्यांचे हात कमानीला लागतात.

आमच्याकडे कार्यक्रम दिलात तर आम्ही दोघी येतो. साड्यांचं छत, चटया, चेंडू, स्पीकर आणि लिफाफे आमचे. पत्रं मात्र ताईंनीच लिहायची, ती आम्ही लिहून देत नाही. मुलांचे फोटो आणि नावं आठवडाभर आधी पोचवा, आणि नाव घरी जसं हाक मारतात तसं कळवा.