एलिफंट

एलिफंट : शाळेतील गोळीबारावरील अमेरिकन कथापट (२००३, ८१ मिनिटे). दिग्दर्शक गस व्हॅन सँट (१९५२– ). कान चित्रपट महोत्सवात त्याला पाम द'ओर हे सर्वोच्च पारितोषिक आणि दिग्दर्शनाचे पारितोषिक अशी दोन्ही मिळाली. पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत. मात्र पार्श्वभूमीला २० एप्रिल १९९९ चे कोलंबाइन हायस्कूलमधील (कोलोरॅडो) हत्याकांड आहे. तेथे दोन विद्यार्थ्यांनी त्या दिवशी १२ विद्यार्थी व एका शिक्षकाला ठार केले आणि नंतर आत्महत्या केली.

चित्रपटात हत्ती कोठेच नाही, त्यामुळे शीर्षकाची चर्चा बरीच झाली. ते ॲलन क्लार्क यांच्या उत्तर आयर्लंडमधील हत्यांवरील याच नावाच्या बीबीसी लघुपटावरून (१९८९) घेतले आहे. क्लार्क यांच्यासमोर लेखक बर्नार्ड मॅक्‌लॅव्हर्टी यांची प्रतिमा होती : दिवाणखान्यात हत्ती उभा आहे आणि घरचे त्याच्याकडे काणाडोळा करून वावरत आहेत. व्हॅन सँट यांचा मात्र समज असा, की हा हत्ती आंधळ्यांच्या गोष्टीतला. ही गोष्ट म्हणजे आपल्याकडचा अंधगजन्याय. उदान या पाली बौद्ध ग्रंथातील तित्थसुत्तात श्रावस्तीचा राजा जन्मांधांना हत्ती चाचपायला लावतो. ज्याच्या हाती डोके येते तो हत्तीला घागर म्हणतो, कान येतो तो सूप म्हणतो, आणि प्रकरण हातघाईवर येते. जैन आचार्यांनी हाच दृष्टांत अनेकांतवादासाठी (सत्याला अनेक बाजू असतात, या मतासाठी) वापरला. त्यांपैकी मल्लिषेणाचा ग्रंथ स्याद्वादमंजरी बराच अलीकडचा, साधारण तेराव्या शतकाच्या अखेरचा. मूळ कथा बौद्ध की जैन, यापेक्षा दोहोंनी ती जुन्या लोककथांतून उचलली असावी, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. शीर्षकापुरते पाहता क्लार्क यांचा अर्थ मूळचा. पण चित्रपटाची रचना व्हॅन सँट यांच्या गैरसमजाच्याच बाजूने साक्ष देते.

शाळेच्या लांबलचक मार्गिकेत इलायस हा विद्यार्थी जॉन या दुसऱ्या विद्यार्थ्याचा फोटो काढतो, तेवढ्यात मिशेल ही विद्यार्थिनी शेजारून धावत जाते. हा क्षण तीन वेळा येतो : एकदा जॉनमागून, एकदा इलायसमागून, एकदा मिशेलमागून. छायालेखक हॅरिस सॅव्हिडिस यांचा कॅमेरा पाठमोऱ्या मुलांमागे मिनिटामिनिटांचे चित्रण न तोडता चालत राहतो. चौकट जुन्या धाटणीची, १.३३:१ (रुंदी : उंची) प्रमाणाची अरुंद. त्यामुळे पात्राच्या आजूबाजूचे फारसे दिसत नाही.

हिंसेची प्रचलित कारणे (व्हिडिओ गेम, नाझींवरील माहितीपट, वर्गातली टवाळी, घरपोच आलेली रायफल) एकेक करून दाखवली आहेत, पण कोणत्याही एकावर बोट ठेवलेले नाही. मारेकरी ॲलेक्स पियानोवर बेथोव्हनची ‘फर एलीज’ वाजवतो, तेही कोठे नेऊन पोचवत नाही. काही समीक्षकांनी याला बेजबाबदारपणा म्हटले. हा आक्षेप अगदीच अनाठायी नाही, तथापि कारण सांगून मोकळे होणाऱ्या चित्रपटांच्या तुलनेत ही तटस्थता अधिक प्रामाणिक वाटते.

चित्रीकरण पोर्टलंड (ऑरेगन) येथील एका बंद पडलेल्या शाळेत झाले. विद्यार्थ्यांच्या भूमिकांत बहुतेक नवखी मुले असून अनेकांची स्वतःची नावेच पात्रांना दिली आहेत. संवादही बरेचसे त्यांनी आयत्या वेळी रचलेले. ‘गेरी’ (२००२) व ‘लास्ट डेज’ (२००५) यांच्यासह हा चित्रपट व्हॅन सँट यांच्या मृत्युविषयक चित्रत्रयीत गणला जातो.