पेनसिल्व्हेनियात बागकाम शिकायचंय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी वाचा

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, एक्स्टनपासून केनेट स्क्वेअरपर्यंतच्या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. उन्हाळा लागला की त्यातल्या कुणाचा तरी निरोप येतोच: बागकामाच्या वर्गाला अर्ज केला होता, परत आला. चौकशी केली की बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. म्हणून आधी तेवढा गुंता सोडवू.

सार्वजनिक बागांमध्ये प्रौढांसाठी वर्ग आणि व्याख्यानं असतात. केनेट स्क्वेअरजवळचं लाँगवुड गार्डन्स, फिलाडेल्फियातलं मॉरिस आर्बोरेटम, पिट्सबर्गचं फिप्स कॉन्झर्व्हेटरी, सगळीकडे हे चालतं. छाटणी, बियांपासून रोपं, कुंडीतला भाजीपाला, असे छोटे छोटे विषय. इथे पात्रता वगैरे काही नाही. नाव, ईमेल, फी, झालं.

दुसरा आहे पेन स्टेट विद्यापीठाचा ‘मास्टर गार्डनर’ अभ्यासक्रम. हा शिकवणीचा वर्ग नव्हे, स्वयंसेवक तयार करायचा उपक्रम आहे. १९७३च्या सुमाराला वॉशिंग्टन राज्यात याची सुरुवात झाली, कारण शहरी लोकांचे बागेविषयीचे फोन कृषी विस्तार कार्यालयाला आवरेनात. शिकलेल्या नागरिकांनीच बाकीच्यांना सल्ला द्यावा, ही त्यामागची कल्पना. पेन स्टेटमध्ये किमान ४० तासांचं प्रशिक्षण मिळतं आणि त्या बदल्यात पहिल्या टप्प्यात ५० तास सेवा द्यावी लागते, पुढे दर वर्षी किमान २० तास. ज्याला फक्त परसातले टोमॅटो सुधारायचे आहेत त्याने या वाटेला जाऊच नये. बागेतला शनिवारचा वर्ग पुरे.

आई-बाबा भेटीला आले आहेत, त्यांना चालेल का?

बी-२ व्हिसावर आलेल्या पाहुण्यांना पदवीसाठी न धरला जाणारा छोटा, हौसेचा वर्ग करता येतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या माहितीत तसं स्पष्ट म्हटलेलं आहे, आणि उदाहरण दिलंय ते दोन दिवसांच्या स्वयंपाकाच्या वर्गाचं. त्यामुळे बागेतला एक-दोन शनिवारांचा वर्ग बाबांनी जरूर करावा, घाबरायचं कारण नाही. मास्टर गार्डनर मात्र त्यांच्यासाठी नाही. सहा महिन्यांत परत जाणाऱ्या माणसाने वर्षभराच्या सेवेची कबुली लिहून देऊ नये.

आणखी एक. बियांपासून रोपं करायचे वर्ग फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, कारण इथे रोपं गोठवणारं दहिवर (फ्रॉस्ट) मेच्या मध्यापर्यंत पडू शकतं. बहुतेकांचे आई-वडील मेमध्ये येतात आणि ‘बी पेरण्याचा वर्ग’ शोधत बसतात. तोवर तो केव्हाच संपलेला असतो. त्यांच्यासाठी छाटणी किंवा शरद ऋतूतल्या भाज्यांचा वर्ग बघा.

एच-४वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्यांनी शिकायला आडकाठी नाही. सेवा विनामोबदला असेल, आणि ते काम एरवी कुणाला पगार देऊन करून घेतलं जात नसेल, तर स्वयंसेवाही करता येते. मनात शंका असेल तर वकिलाला विचारा. मैत्रिणीच्या अनुभवावर जाऊ नका.

खरी अडचण: तीन दाखले

मास्टर गार्डनरच्या कामात शाळकरी मुलांशी संबंध येतो, म्हणून राज्याच्या कायद्यानुसार दाखले लागतात. बहुतेक अर्ज अडतात ते इथेच.

राज्य पोलिसांचा चारित्र्य दाखला सोपा. ऑनलाइन भरायचा, स्वयंसेवकाला फी नाही, निकाल पुष्कळदा लगेच दिसतो. पण लोक पडद्यावरची पावती छापून जोडतात. पावती म्हणजे दाखला नव्हे. तुमच्या नोंदीचा क्रमांक उघडून आतलं प्रमाणपत्राचं पान छापायचं असतं, ते ध्यानात ठेवा.

दुसरा एफबीआयच्या बोटांच्या ठशांचा. याला पैसे पडतात. वेळ ठरवताना एक सेवा-क्रमांक टाकावा लागतो, आणि नोकरीसाठीचा क्रमांक वेगळा, स्वयंसेवेसाठीचा वेगळा. चुकीचा टाकलात तर ठसे आणि पैसे दोन्ही पुन्हा द्यावे लागतात. क्रमांक पेन स्टेटच्या आपल्या जिल्हा कार्यालयाकडूनच लेखी घ्या, गुगलवरून उचलू नका. पेनसिल्व्हेनियात सलग १० वर्षं राहिलेल्या स्वयंसेवकाला कायद्याने ठशांऐवजी सहीचं निवेदन देता येतं. न्यू जर्सीतून पाच वर्षांपूर्वी आलेल्याला ही सवलत नाही, घर स्वतःचं असलं तरी.

तिसरा दाखला राज्याच्या बाल-अत्याचार नोंदीत आपलं नाव नसल्याचा. त्यात १९७५पासून तुम्ही जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते मागतात, आणि त्या काळात तुमच्याबरोबर एका घरात राहिलेल्या सगळ्यांची नावं, नातं, वय. हे वाचून आपली माणसं खचतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या, मग हॉस्टेलवर, मग पुण्यात तीन भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या बाईने ही यादी कुठून आणायची? चार जणांच्या चौकोनी कुटुंबाची कल्पना डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा रकाना आहे, आणि तो बदलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. बदलेपर्यंत मात्र तो भरण्याला पर्याय नाही. रिकामा सोडला किंवा ‘भारत’ एवढंच लिहिलं तर फॉर्म परत येतो.

भरायचा कसा? बसल्या बैठकीत होत नाही, हे आधी मान्य करा. आईला फोन लावा आणि वहीत वर्षं मांडा: १९७८ ते ८६ आजोळी, मग चाळीत, मग दहावीनंतर काकांकडे. पिनकोड आठवला नाही तर गाव, तालुका, जिल्हा लिहा. काका, काकू, आत्या, चुलत भावंडं, एका छपराखाली होती ती सगळी येतात. वय आजचं लिहायचं, तेव्हाचं नाही. हॉस्टेलच्या मैत्रिणीचं आडनाव आठवत नसेल तर आठवतं तेवढं लिहा, पण मनाने रचून काही लिहू नका.

मग नावं. लग्नात नाव बदलण्याची आपली पद्धत इथल्या फॉर्मला कळत नाही. माहेरची सुनंदा सासरी अनुराधा झाली, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं. पासपोर्टवर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं. फॉर्ममध्ये आधीच्या नावांचा रकाना असतो, त्यात ही सगळी रूपं द्या. मुख्य नाव ड्रायव्हिंग लायसन्सवर जसं आहे तसंच, एका अक्षराचाही फरक नको.

सोशल सिक्युरिटी क्रमांक या फॉर्मवर ऐच्छिक आहे. एच-४वरच्या कित्येकींकडे तो नसतो, आणि ‘माझ्याकडे नाही, म्हणजे मी अपात्र’ असं समजून त्या अर्जच करत नाहीत. तसं अजिबात नाही. रकाना मोकळा ठेवा, पुढे जा.

हा दाखला स्वयंसेवकांना ५७ महिन्यांतून एकदा मोफत मिळतो. पूर्ण भरलेल्या अर्जावर १४ दिवसांत निर्णय देणं खात्यावर बंधनकारक आहे. हे दिवस बरोबर भरलेल्या अर्जाचे. चुकला की मोजणी नव्याने, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

तारीख नीट वाचा

मास्टर गार्डनरच्या तुमच्या जिल्ह्याच्या पानावर अर्जाची मुदत ‘०९/०६’ असेल तर ती ६ सप्टेंबर, ९ जून नव्हे. नव्याने आलेली माणसं इथे हमखास फसतात: जून उलटला म्हणून सोडून देतात, किंवा ‘०८/१२’ला डिसेंबर समजून निवांत राहतात. जन्मतारखेचंही तेच. महिना आधी, दिवस नंतर. उलटी पडली की लायसन्सशी जुळत नाही. अभ्यासक्रमाच्या तारखा जिल्ह्यागणिक वेगळ्या असतात, तेव्हा चेस्टर जिल्ह्याची तारीख माँटगोमेरी जिल्ह्याला लावू नका.

बियाण्याबद्दल जाता जाता. वर्गात दाखवायला, लावायला म्हणून भारतातून पर्समध्ये बी घालून आणू नका. पेरायच्या बियाण्याला फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र किंवा अमेरिकेच्या कृषी खात्याकडून आधी काढलेला लहान खेपेचा परवाना लागतो, आणि विमानतळावर ते जाहीर करावंच लागतं. कढीपत्त्याची ताजी पानं तर आणताच येत नाहीत. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग पसरवणारी कीड त्यावर पोसते. सासूबाईंनी प्रेमाने बांधून दिलेली डहाळी कचऱ्यात जाताना पाहणं वाईट, आणि जाहीर न केल्याचा दंड त्याहून वाईट.

या वर्षीची मुदत हुकली असेल तरी दाखले आत्ताच काढायला हरकत नाही. ते ६० महिने चालतात, आणि मुलांच्या शाळेत सहलीला स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर तिथेही बहुधा हेच मागतात. मूळ प्रती फाइलला लावा, फोटो फोनमध्ये ठेवा, आणि पत्त्यांची ती वही फेकू नका. पाच वर्षांनी नूतनीकरण करताना हीच यादी पुन्हा भरायची आहे.